थेंबे थेंबे तळे साचे : इंटरनेटवरील खाजगी माहितीची जपणूक

बचतीचे महत्त्व पटवून देताना 'थेंबे थेंबे तळे साचे' ही म्हण बँकांनी पिढ्यान्‌पिढ्या वापरली आहे. दरमहा बाजूला ठेवलेली लहानशी रक्कम काही वर्षांनी मुलीच्या शिक्षणाला किंवा घराच्या दुरुस्तीला पुरते, हा अनुभव असंख्य खातेदारांनी घेतला आहे. इंटरनेटच्या जगात मात्र हीच म्हण उलट अर्थानेही खरी ठरते. खातेदार ठिकठिकाणी स्वतःविषयीची थोडी थोडी माहिती देत जातो. कोठे जन्मतारीख, कोठे मोबाइल क्रमांक, कोठे घराचा पत्ता. त्यातील प्रत्येक थेंब निरुपद्रवी वाटतो. परंतु हे थेंब एखाद्या अपरिचित माणसाच्या हाती एकत्र आले, की साचलेल्या तळ्यावर खातेदाराचा ताबा उरत नाही.

भारतात सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सेवा विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली. एप्रिल २०१६ मध्ये यूपीआय ही देयक प्रणाली आली आणि भाजीवाल्याचे पैसेही मोबाइलवरून चुकते होऊ लागले. रेल्वेचे आरक्षण, विजेचे बिल, विम्याचा हप्ता, मुलांचा शाळाप्रवेश अशी असंख्य कामे घरबसल्या होतात. या सोयींपासून दूर राहणे आता शक्य नाही आणि इष्टही नाही. मात्र या प्रत्येक कामात माहितीची देवघेव होत असते. पैशाच्या व्यवहारात जो हिशेबीपणा आपण पाळतो, तोच माहितीच्या व्यवहारातही का पाळावा आणि कसा पाळावा, याचा विचार या लेखात केला आहे.

गुप्त आणि खाजगी

प्रथम एक भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. एटीएमचा पिन, इंटरनेट बँकिंगचा पासवर्ड, व्यवहारासाठी येणारा ओटीपी या गुप्त गोष्टी होत. त्या खातेदाराखेरीज कोणासही ठाऊक असता कामा नयेत. बँकेच्या कर्मचाऱ्यासही नव्हे. जन्मतारीख, आईचे माहेरचे नाव, राहण्याचा पत्ता, आधार क्रमांक या गोष्टी मात्र गुप्त नसून खाजगी आहेत. त्या नातलगांना, कार्यालयाला, डॉक्टरांना आणि बँकेला ठाऊक असतात व असाव्याही लागतात.

बहुतेक खातेदार गुप्त गोष्टींची काळजी घेतात. खाजगी गोष्टींविषयी ते तितके दक्ष नसतात. वास्तविक गुप्त गोष्ट फुटली तर ती बदलता येते. नवा पिन काही मिनिटांत मिळतो. जन्मतारीख मात्र बदलता येत नाही, आईचे माहेर बदलत नाही आणि बोटांचे ठसेही बदलत नाहीत. खाजगी माहिती एकदा विखुरली, की ती परत गोळा करण्याचा मार्ग जवळजवळ नसतो. म्हणूनच ती देतानाच हात आखडता घेणे हा तिच्या जपणुकीचा मुख्य उपाय ठरतो.

बँक व्यवसायाची जुनी परंपरा

खातेदाराच्या माहितीची जपणूक ही कल्पना संगणकाबरोबर आलेली नाही. इंग्लंडमधील अपील न्यायालयाचा 'टूर्नियर विरुद्ध नॅशनल प्रोव्हिन्शियल अँड युनियन बँक ऑफ इंग्लंड' हा निकाल १९२४ च्या न्याय-अहवालांत प्रसिद्ध झाला. एका खातेदाराकडे बँकेची लहानशी रक्कम येणे होती. त्याचा पत्ता विचारण्यासाठी शाखाधिकाऱ्याने त्याच्या मालकांना दूरध्वनी केला आणि बोलण्याच्या ओघात त्याच्या थकबाकीचा व घोड्यांच्या शर्यतीवर पैजा घेणाऱ्याकडे गेलेल्या रकमेचा विषय काढला. परिणामी त्या खातेदाराची नोकरी गेली. खातेदाराची माहिती न फोडणे हे बँकेचे कायदेशीर कर्तव्य आहे, असे न्यायालयाने सांगितले आणि त्यास चार अपवाद नमूद केले : कायद्याची सक्ती, सार्वजनिक हित, बँकेचे स्वतःचे हितरक्षण आणि ग्राहकाची संमती.

भारतात १९६९ च्या राष्ट्रीयीकरणानंतर आलेल्या १९७० च्या बँकिंग कंपन्यांविषयीच्या अधिनियमात, कलम १३ अन्वये, बँकेवर निष्ठा आणि गोपनीयतेचे बंधन घालण्यात आले. 'डिस्ट्रिक्ट रजिस्ट्रार अँड कलेक्टर, हैदराबाद विरुद्ध कॅनरा बँक' या खटल्यात २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की कागदपत्रे बँकेच्या हाती सोपविल्यामुळे त्यांवरील ग्राहकाचा खाजगीपणाचा अधिकार संपत नाही. पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी न्या. पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने निर्णय दिला, की खाजगीपणा हा घटनेने दिलेला मूलभूत अधिकार आहे.

बँकेत ठेवलेल्या माहितीला असे दुहेरी कवच आहे. खातेदाराने स्वतः इतरत्र वाटलेल्या माहितीला मात्र बँकेचे कवच लागू होत नाही. शाखेच्या तिजोरीत जपलेला तपशील विवाहाच्या निमंत्रणपत्रिकेतून किंवा एखाद्या बक्षीस योजनेच्या अर्जातून बाहेर पडत असेल, तर बँकेची गोपनीयता तेथे अपुरी पडते.

तुकडे जुळतात कसे?

'माझी जन्मतारीख कळून कोणाचे काय होणार आहे?' असा प्रश्न पुष्कळदा विचारला जातो. त्याचे उत्तर अमेरिकेतील एका अभ्यासाने दिले आहे. १९९० च्या दशकात मॅसॅच्युसेट्स राज्याने आपल्या कर्मचाऱ्यांच्या वैद्यकीय उपचारांची माहिती संशोधनासाठी खुली केली. त्यातून नावे व पत्ते काढून टाकलेले होते. लटान्या स्वीनी या विद्यार्थिनीने केंब्रिज शहराची मतदारयादी २० डॉलरला विकत घेतली आणि जन्मतारीख, लिंग व टपाल विभागाचा क्रमांक या तीन गोष्टी ताडून पाहून खुद्द राज्यपाल विल्यम वेल्ड यांची वैद्यकीय नोंद शोधून काढली. अमेरिकेतील सुमारे ८७ टक्के लोकांची ओळख या तीन गोष्टींवरून निश्चित होऊ शकते, असा अंदाज त्यांनी पुढे २००० साली मांडला.

ऑगस्ट २००६ मध्ये एओएल या अमेरिकी कंपनीने आपल्या सुमारे साडेसहा लाख ग्राहकांनी इंटरनेटवर घेतलेल्या शोधांची यादी अभ्यासकांसाठी प्रसिद्ध केली. नावांऐवजी केवळ क्रमांक दिलेले होते. तरीही गावाचे नाव, आडनाव, आजारांविषयीचे प्रश्न यांवरून न्यूयॉर्क टाइम्सच्या बातमीदारांनी एका क्रमांकामागील वृद्ध महिलेचे घर गाठले. तिने आपले नाव कोठेही लिहिलेले नव्हते. तिच्या प्रश्नांनीच ती ओळखली गेली.

ही उदाहरणे परदेशातील असली, तरी आपल्याकडे तुकडे जुळविणे काहीसे अधिकच सोपे आहे. मराठी माणसाच्या पूर्ण नावातच वडिलांचे किंवा पतीचे नाव येते. लग्नपत्रिकेत आजी-आजोबा, काका, आत्या, मामा यांची नावे गावांसह छापलेली असतात. मामांचे आडनाव म्हणजेच आईचे माहेरचे आडनाव. पत्रिका पूर्वी नातलगांच्या घरी हातोहात जात असे. आता तिचे छायाचित्र बडोद्यापासून बंगळुरूपर्यंत पसरलेल्या आप्तांच्या व्हॉट्सॲप गटांत फिरते आणि तेथून कोठे जाते याचा पत्ता लागत नाही. वाढदिवसाच्या शुभेच्छांमधून जन्मतारीख कळते, वास्तुशांतीच्या छायाचित्रांतून घराचा पत्ता आणि निवृत्तीच्या निरोपसमारंभातून हाती मोठी रक्कम आल्याचा काळ.

मोबाइल क्रमांक हा या सर्व तुकड्यांना एकत्र ओवणारा दोरा होय. तो बँक खात्याशी जोडलेला असतो, समाजमाध्यमांवर दिलेला असतो आणि दुकानदाराच्या बिलपुस्तकातही लिहिलेला असतो. यूपीआय ॲपमध्ये एखादा क्रमांक भरला, की पैसे पाठविण्यापूर्वी खात्यावरील नाव समोर येते. चुकीच्या व्यक्तीला पैसे जाऊ नयेत यासाठी ही उपयुक्त सोय आहे. परंतु तिच्यामुळे नुसत्या क्रमांकावरून नाव कळते, हेही ध्यानात ठेवावे. ज्यांचा यूपीआय पत्ता मोबाइल क्रमांकावरूनच तयार झाला आहे, त्यांना ॲपमध्ये सोय असल्यास क्रमांक नसलेला पत्ता करून घेता येतो.

पिनचे गणित

खाजगी माहिती गुप्त माहितीला कशी पोखरते, हे एका साध्या हिशेबावरून कळेल. चार अंकी पिनच्या एकूण १०,००० शक्यता असतात. तीन चुकीच्या प्रयत्नांनंतर कार्ड अडविले जाते असे धरले, तर चोराला यश येण्याची शक्यता साधारणतः ३,३३३ मध्ये एक इतकी अल्प असते. परंतु खातेदाराने जन्मदिवस व महिना मिळून पिन ठेवला असेल, तर शक्यता केवळ ३६६ उरतात आणि चोराचे यश १२२ मध्ये एक इतके जवळ येते. वाढदिवसाची तारीख समाजमाध्यमावर जाहीर असेल, तर हिशेब करण्याचेही कारण उरत नाही. पिन कोणालाही न सांगता तो अशा रीतीने उघडा पडू शकतो.

पासवर्डच्या बाबतीत लांबीचे महत्त्व मोठे आहे. केवळ इंग्रजी लघुलिपीतील अक्षरे वापरली, तरी आठ अक्षरी पासवर्डपेक्षा बारा अक्षरी पासवर्डच्या शक्यता ४,५६,९७६ पटींनी अधिक असतात. परस्परांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द एकत्र जोडले, तर पासवर्ड लांबही होतो आणि लक्षातही राहतो. मुलांची नावे, गाडीचा क्रमांक, कुलदैवताचे नाव यांचा वापर टाळावा. कारण ते तपशील इतरांना ठाऊक असतात.

याहून महत्त्वाची बाब म्हणजे एकच पासवर्ड अनेक ठिकाणी वापरू नये. एखाद्या किरकोळ खरेदीच्या संकेतस्थळावरून चोरीस गेलेली ईमेल पत्ते व पासवर्ड यांची यादी चोर इतर संकेतस्थळांवर यंत्राच्या साहाय्याने लावून पाहतात. अशा वेळी सर्वांत आधी जपावयाचा तो ईमेलचा पासवर्ड. कारण इतर बहुतेक ठिकाणचे पासवर्ड बदलण्याच्या सूचना ईमेलवरच येतात. ईमेलसाठी पासवर्डखेरीज मोबाइलवरूनही खात्री पटविणारी द्विस्तरीय पडताळणी अवश्य सुरू करावी.

माहितीच्या मोबदल्यात विश्वास

चोरांना माहिती हवी असते ती खाते फोडण्यासाठीच, असा समज आहे. प्रत्यक्षात फसवणुकीच्या अनेक घटनांत खाते फोडले जातच नाही. खातेदाराचा विश्वास संपादन करून त्याच्याच हाताने पैसे पाठविले जातात. विखुरलेल्या माहितीचा खरा उपयोग येथे होतो.

समजा, एका निवृत्त शिक्षिकेस दूरध्वनी येतो. बोलणारा तिला पूर्ण नावाने संबोधतो, तिची शाखा सांगतो, कार्डाचे शेवटचे चार अंक सांगतो आणि केवायसी अपूर्ण असल्याने निवृत्तिवेतनाचे खाते सायंकाळपर्यंत गोठविले जाईल, असे बजावतो. शिक्षिका विचार करते, की एवढा तपशील बँकेखेरीज कोणाला ठाऊक असणार? वस्तुतः नाव निमंत्रणपत्रिकेतून, शाखा एखाद्या संस्थेस दिलेल्या देणगीच्या धनादेशाच्या छायाचित्रातून आणि कार्डाचे अंक फेकून दिलेल्या बिलावरून मिळालेले असू शकतात. तीन निरुपद्रवी तुकड्यांनी मिळून एक परका माणूस 'बँकेचा माणूस' ठरतो. त्यानंतर ओटीपी मागितला, तर तो देण्यास मन कचरत नाही. एरवी याच शिक्षिकेने कोणत्याही अनोळखी माणसाला ओटीपी कधीच दिला नसता.

'डिजिटल अटक' या नावाने होणारी फसवणूकही याच पायावर उभी असते. पोलीस किंवा तपास यंत्रणेचा अधिकारी असल्याची बतावणी करणारा माणूस व्हिडिओ कॉलवर आधार क्रमांक व पत्ता अचूक सांगतो, अटकेची भीती घालतो आणि 'तपासणीसाठी' ठेवी मोडून रक्कम हस्तांतरित करावयास लावतो. अशी अटक भारतीय कायद्यात अस्तित्वातच नाही. लग्नपत्रिकेच्या नावाने एपीके प्रकारची फाइल पाठवून मोबाइलचा ताबा मिळविण्याचे प्रकारही घडले असून, पोलिसांनी २०२४ साली त्याबाबत सावध केले होते. पत्रिका म्हणजे चित्र किंवा पीडीएफ. ती उघडण्यासाठी नवे ॲप बसवावे लागत नाही.

यावरून एक नियम सहज निघतो : समोरच्याला आपली माहिती ठाऊक आहे, एवढ्यावरून तो बँकेचा किंवा शासनाचा प्रतिनिधी ठरत नाही. शंका येताच दूरध्वनी बंद करावा आणि पासबुकावर किंवा कार्डाच्या मागे छापलेल्या क्रमांकावर स्वतः संपर्क साधावा. घाई ही नेहमी ठकाला असते. बँकेचे कोणतेही काम खातेदाराला विचार करण्यास दहा मिनिटे न देण्याइतके तातडीचे नसते.

संकेतस्थळे काय टिपून ठेवतात?

खातेदार स्वतःहून देतो त्याखेरीज पुष्कळ माहिती त्याच्या नकळत गोळा होते. १९९४ साली नेटस्केप कंपनीतील लू मोन्टुली या अभियंत्याने 'कुकी' नावाची युक्ती काढली. संकेतस्थळ ग्राहकाच्या संगणकात एक छोटीशी चिठ्ठी ठेवते आणि पुढील भेटीत ती वाचून ग्राहकाला ओळखते. रेल्वे स्थानकावरील सामानघरातील बिल्ल्याप्रमाणे ही सोय होती. तिच्यामुळेच खरेदीची यादी लक्षात राहते. पुढे जाहिरात कंपन्यांनी अनेक संकेतस्थळांवर आपापल्या चिठ्ठ्या ठेवण्यास आरंभ केला आणि ग्राहक कोठून कोठे गेला, याचा मागोवा घेणे शक्य झाले. गुडघेदुखीविषयी एकदा शोध घेतला, की दिवसेंदिवस तेलाच्या व पट्ट्यांच्या जाहिराती दिसू लागतात, त्यामागे असेच मागोवे असतात. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये अन्य कंपन्यांच्या कुकी रोखण्याची आणि साठलेल्या कुकी पुसून टाकण्याची सोय असते.

मोबाइलवरील ॲप बसविताना मागितली जाणारी अनुमती हा दुसरा मार्ग. विजेरीच्या ॲपला संपर्कयादीची, किंवा खेळाच्या ॲपला लघुसंदेश वाचण्याची आवश्यकता नसते. लघुसंदेशांची अनुमती म्हणजे ओटीपी वाचण्याची अनुमती, हे विसरू नये. झटपट कर्ज देणाऱ्या काही अनधिकृत ॲपनी संपर्कयादी मिळवून कर्जदाराच्या आप्तेष्टांना धमकावण्याचे प्रकार केले आहेत. तेथे एकाच्या निष्काळजीपणाचा त्रास शेकडो परिचितांना झाला. मोबाइलने काढलेल्या छायाचित्राच्या फाइलमध्येही काढल्याची वेळ व ठिकाण नोंदलेले असू शकते. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ठिकाणाची नोंद बंद करता येते.

खातेदाराने काय करावे?

१. माहिती मागणाऱ्यास ती कशासाठी हवी, हे विचारण्याचा संकोच बाळगू नये. दुकानातील बिलासाठी मोबाइल क्रमांक देणे आवश्यक नसेल, तर तो देऊ नये. अर्जातील ऐच्छिक रकाने रिकामे सोडावेत.

२. आधारची प्रत द्यावयाची असल्यास आणि पूर्ण क्रमांक आवश्यक नसल्यास 'मास्क्ड आधार' द्यावे. त्यात क्रमांकाचे केवळ शेवटचे चार अंक दिसतात. आधार प्राधिकरणाने उपलब्ध केलेला १६ अंकी आभासी क्रमांकही पडताळणीसाठी वापरता येतो. बोटांचे ठसे व डोळ्यांच्या बुबुळांची नोंद कुलूपबंद करण्याची सोय प्राधिकरणाकडे आहे.

३. छायाप्रतीवर कारण, दिनांक आणि ज्यांना दिली त्या संस्थेचे नाव लिहून सही करावी. झेरॉक्सच्या दुकानात प्रत काढण्यासाठी आधार वा पॅन कार्ड दुकानदाराच्या व्हॉट्सॲपवर पाठविण्याचा प्रघात पडला आहे. शक्यतो मूळ कार्डच नेऊन प्रत काढावी. पाठवावेच लागले, तर काम होताच दुकानदारासमोरच ते पुसून घ्यावे.

४. बँकेच्या संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टंकित करावा. संदेशातील दुव्यावरून जाऊ नये. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशानुसार भारतीय बँकांसाठी 'डॉट बँक डॉट इन' हा स्वतंत्र पत्ता राखून ठेवण्यात आला असून, तो स्वीकारण्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिलेली होती. पत्त्याच्या प्रारंभी 'एचटीटीपीएस' असणे आवश्यक आहे; पण त्यावरून मार्ग सुरक्षित आहे एवढेच कळते, मार्गाच्या टोकाशी बसलेला प्रामाणिक आहे की नाही, हे कळत नाही.

५. बँकांनी सेवाविषयक दूरध्वनी १६०० ने सुरू होणाऱ्या क्रमांकांवरून करावेत, असे रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मध्ये सूचित केले. साध्या दहा अंकी मोबाइलवरून 'बँकेतून बोलतो' असे कोणी सांगितल्यास सावध व्हावे.

६. खरेदीच्या संकेतस्थळांनी कार्डाचा पूर्ण क्रमांक साठवून ठेवण्यास १ ऑक्टोबर २०२२ पासून मनाई झाली आणि त्याऐवजी 'टोकन' ही पर्यायी ओळख वापरात आली. त्यामुळे कार्डाचे छायाचित्र किंवा क्रमांक ईमेलने वा संदेशाने मागणाऱ्या विक्रेत्याशी व्यवहार करू नये.

७. पैसे मिळण्यासाठी यूपीआय पिन लागत नाही. परतावा, बक्षीस वा जुन्या वस्तूची किंमत देतो असे सांगून कोणी पिन टाकावयास लावत असेल, तर तो पैसे देत नसून घेत आहे.

८. आपल्या नावावर किती मोबाइल जोडण्या आहेत, हे दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी' संकेतस्थळावर पाहता येते. अपरिचित जोडणी आढळल्यास तेथेच कळवावे. मोबाइल क्रमांक बदलल्यास तो बँकेत त्वरित बदलून घ्यावा. सोडून दिलेला क्रमांक कालांतराने दुसऱ्या ग्राहकास दिला जातो.

९. वापरात नसलेली ईमेल खाती, जुनी ॲप आणि खरेदीची खाती बंद करावीत. कपाटातील जुन्या कागदांप्रमाणे त्यांतही पत्ते व क्रमांक पडून राहिलेले असतात.

माहिती बाहेर गेलीच तर

सावधगिरी बाळगूनही अघटित घडू शकते. अशा वेळी मिनिटांना मोल असते, कारण चोरलेली रक्कम एका खात्यातून दुसऱ्या खात्यात झपाट्याने फिरविली जाते. खातेदाराने तत्काळ बँकेस कळवून कार्ड व खाते रोखावे आणि १९३० या राष्ट्रीय मदतक्रमांकावर किंवा केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी. व्यवहाराचे संदेश, समोरच्याचा क्रमांक आणि तक्रारीचा क्रमांक जपून ठेवावा.

रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाद्वारे अशा प्रसंगी ग्राहकाचे दायित्व निश्चित केले. दोष बँकेचा नाही आणि ग्राहकाचाही नाही, अशा अनधिकृत व्यवहाराची सूचना ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत दिली, तर त्याच्यावर नुकसानीचा भार पडणार नाही, असे त्यात ठरविण्यात आले. ग्राहकाने स्वतःच पिन वा ओटीपी दिला असेल, तर सूचना देईपर्यंतचे नुकसान त्याचे आणि त्यानंतरचे बँकेचे, अशी विभागणी करण्यात आली. म्हणजे चूक झाली असली तरी ती लगेच सांगण्यात ग्राहकाचेच हित असते.

दुसऱ्याचा पासवर्ड वा ओळख अप्रामाणिकपणे वापरणे हा माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६६ क अन्वये, तर संगणकाच्या साहाय्याने तोतयेगिरी करून फसविणे हा कलम ६६ ड अन्वये अपराध आहे. दोहोंस तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमाने माहिती कोणत्या कारणासाठी घेतली जाते हे सांगून संमती घेणे, संमती परत घेण्याची सोय ठेवणे आणि मागणी केल्यास माहिती दुरुस्त करणे वा पुसणे ही तत्त्वे घालून दिली. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून मुख्य तरतुदींसाठी अठरा महिन्यांचा अवधी ठेवण्यात आला.

कर्मचाऱ्यांची जबाबदारी

१९२४ च्या त्या निकालातील शाखाधिकाऱ्याचा हेतू वाईट असल्याचे दिसत नाही. त्याला केवळ पत्ता हवा होता. माहिती बहुधा दुष्टपणाने फुटत नाही, बोलण्याच्या ओघात फुटते. म्हणून खिडकीवर मोठ्याने शिल्लक सांगणे, ग्राहकांचे अर्ज स्वतःच्या मोबाइलवर मागविणे, रद्द झालेल्या अर्जांच्या पाठीमागे टिपणे करणे, दूरध्वनीवरील अपरिचितास 'हो, त्यांचे खाते आमच्याकडे आहे' असे सांगणे, या सवयी प्रत्येक शाखेने कटाक्षाने टाळावयास हव्यात.

आणखी एक बाब तितकीच महत्त्वाची आहे. फसवणूक झालेला ग्राहक शाखेत येतो, तेव्हा तो पैशाबरोबर आत्मविश्वासही गमावून आलेला असतो. मुले रागावतील, शेजारी हसतील, या भीतीने वृद्ध खातेदार कित्येकदा घडलेली गोष्ट दोन-तीन दिवस मनातच ठेवतात आणि रक्कम अडविण्याची संधी निघून जाते. 'तुम्ही ओटीपी दिलातच कसा?' हा प्रश्न त्या क्षणी निरुपयोगी असतो. आधी खाते रोखावे, तक्रार नोंदवून घ्यावी, धीर द्यावा. चौकशी नंतर करता येते. घरातील तरुण मंडळींनीही हेच धोरण ठेवावे. वडीलधाऱ्यांना चूक सांगण्याची भीती वाटत नाही, त्या घरात ठकाला उशिराचा फायदा मिळत नाही.

बचतीची सवय जशी एका दिवसात लागत नाही, तशी माहिती राखून ठेवण्याची सवयही हळूहळूच लागते. आज एक अनावश्यक अनुमती काढून टाकावी, उद्या जन्मतारखेचा पिन बदलावा, परवा जुने ईमेल खाते बंद करावे. आवर्ती ठेवीच्या हप्त्याप्रमाणे ही कामे थोडी थोडी होत राहिली, तर काही महिन्यांत बाहेर जाणारे बरेचसे थेंब थांबतील आणि तळे ज्याचे त्याच्याच अंगणात राहील.